अडलेली फाइल

सिडकोतल्या आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर दुरुस्त करायला एक कारागीर करमाड गावाहून स्कूटरवर येत. खुर्चीत बसण्याआधी कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवत, लेकराचा ताप बघावा तसा. "लई तापलंय," म्हणत आणि मग डबा उघडायला घेत.

प्रोसेसरवरचा भार सतत शंभर टक्क्यांवर होता. त्यांनी धूळ काढली, व्हायरस तपासला, तरी आकडा उतरेना. "मलाच कळंना झालंय, काकू," असं सरळ सांगणारा दुसरा कारागीर मी पाहिलेला नाही.

तिसऱ्या खेपेला सापडलं. माझे यजमान गेल्या वर्षी गेले. त्याआधी त्यांनी जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायला घेतल्या होत्या. ते उतरवून घेणारा प्रोग्राम एका फाइलवर अडला होता आणि मशीन सुरू केलं की पुन्हा तिच्याच मागं लागत होता.

"यांचा आवाज आहे का त्यात?" मी विचारलं.

"ऐकलं नाय. तुमचं हाय ते."

एका क्लिकचं काम होतं. पण त्यांनी आधी ती फाइल पेनड्राइव्हवर घेतली, तो माझ्या हातात दिला आणि मगच प्रोग्राम बंद केला. पंख्याची घरघर थांबली. मी गोंधळून त्यांना चहा विचारला; भरलेला कप त्यांच्या पुढ्यातच होता.

पेनड्राइव्ह मी अजून लावलेला नाही.

परवा ते भाजीबाजारात भेटले. "चालतंय ना नीट?"

मी हो म्हणाले. ते कॉम्प्युटरचं विचारत होते की माझं, हे मला अजून उमगलेलं नाही.