चाकणची तीन मळसूत्रे

पुण्याहून सकाळच्या गाडीने पिंपरीला उतरलो, तेव्हा माझ्या काखेत दुपट्यात गुंडाळलेला सहा इंची आरसा होता. पन्नास सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. शाळेच्या दुर्बिणीसाठी तो मी स्वतः घासला होता. असा आरसा नळीच्या तळाशी बसतो आणि तिथे तो केसभर इकडेतिकडे कलवता यावा लागतो. नाहीतर ताऱ्याला शेपूट फुटते. त्यासाठी चार मळसूत्रांची (स्क्रूंची) बैठक मी कागदावर काढली होती. ती घडवणारा हवा होता.

पिंपरीत एका नव्या कारखान्याच्या पहारेकऱ्याने माझा कागद उलटा धरून पाहिला.

"गुरुजी, हितं एका टायमाला हजार नग निघत्यात. तुमच्या चार स्क्रूसाठी मशीन कोण थांबवंल? चाकणला सावळाराम मेस्त्री हाय, इंजिनं दुरुस्त करतो. त्याला गाठा."

भोसरीपर्यंत टांगा, पुढे एसटी. इंद्रायणी ओलांडल्यावर दोन्ही बाजूंना कांद्याची शेते लागली. एका खड्ड्यात गाडी अशी आदळली, की आरसा सावरताना माझे कपाळ समोरच्या दांड्यावर आपटले.

"देव हाय का काय त्यात?" शेजारच्या बाईंनी विचारले.

सावळाराम मेस्त्रीची शेड बाजारामागे होती. त्याने आधी माझ्या कपाळाला हळद लावली, मग कागद पाहिला.

"चार कशाला?"

"चारी बाजूंनी आधार नको?"

"चुलीला दगड किती असत्यात, गुरुजी?"

"तीन."

"मग? चौथा ठिवला की एक अधांतरी ऱ्हातो. भांडं डुगडुगतं."

मला राग आला, कारण त्याचे बरोबर होते. त्याने बारीक आट्यांची तीन मळसूत्रे कातली आणि प्रत्येकाला जुन्या इंजिनातली एकेक स्प्रिंग घातली. "काचंला आवळायचं न्हाई, निस्तं धरायचं," असे तो दोनदा बजावून म्हणाला. काम दोन दिवस चालले. मी त्याच्याच पडवीत राहिलो. भाकरी आणि कांद्याचे कोरड्यास (पातळ कालवण) इतके गोड मी पुन्हा कुठे खाल्ले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात आरसा उन्हाला लावला. चार फुटांवरच्या फळीवर लखलखीत ठिपका पडला. मेस्त्रीने कोळशाने खूण केली. मळसूत्र पाव फेरा फिरवले, ठिपका सरकला. उलटे फिरवले, तो परत आला, पण खुणेच्या थोडा बाजूला.

"ढिले आहे," मी म्हणालो.

मेस्त्री हसत हसत खालीच बसला. "अवो, सूर्य जाग्यावर थांबलाय व्हय? मास्तर तुमी का मी?"

तोवर फळीतून धूर निघू लागला होता. त्याच्या बायकोने तांब्याभर पाणी ओतले आणि आम्हा दोघांनाही झापले.

निघताना तो म्हणाला, "दुर्बीण लागली की एक कार्ड टाका. मला बी चंद्र जवळनं बघायचाय."

"नक्की," मी म्हणालो.

दुर्बीण बसली. मुख्याध्यापकांनी सगळ्यांसमोर विचारले, "ही तीन टेकूंची कल्पना कोणाची?" मी म्हणालो, "माझी." मग कार्ड टाकायचे धैर्य उरले नाही. तो आला असता, बोलला असता, आणि मी उघडा पडलो असतो. दहा वर्षांनी मी चाकणला गेलो. शेड नव्हती. मेस्त्री वारला होता.

त्या दुर्बिणीतून शाळेच्या कितीतरी मुलांनी चंद्र पाहिला. अजूनही तिचा आरसा जागचा हलत नाही. माझ्या आयुष्यात जे थोडे नाव झाले, ते त्या माणसाच्या हातांनी दिले, आणि ऋण मानण्याइतका मोठेपणाही मी दाखवला नाही.

गेल्या महिन्यात मी शाळेला सगळे लिहून कळवले. दुर्बिणीवरची माझ्या नावाची पाटी काढून मेस्त्रीची लावा, असे विनवले. नव्या मुख्याध्यापिका बाईंनी लगेच होकार दिला आणि पूर्ण नाव मागितले. दोन दिवस त्याच्या घरी जेवलो, पण त्याचे आडनाव मी कधी विचारलेच नव्हते.