साडेचार इंच

स्क्रीनवर बीम खांबाला टेकलेला दिसत होता. तरी गणित चालवलं की लाल अक्षरांत एकच उत्तर यायचं: सांगाडा अस्थिर आहे. कारंज्याच्या ऑफिसात बसून सकाळपासून मी त्या सॉफ्टवेअरला शिव्या घालत होते.

काम घरचंच होतं. मंगरूळपीरजवळच्या आमच्या गावात रविवारी विहाराचा स्लॅब टाकायचा होता आणि श्रमदानाला अख्खी वस्ती येणार होती. खांब उभे होते. बाबांचं आयुष्य सेंट्रिंगच्या फळ्या ठोकण्यात आणि लोखंडी गज बांधण्यात गेलेलं. त्यांनी टेप लावून फोनवर मापं सांगितली, मी ती टाकत गेले. घाई इतकी, की गज कापायची यादीही आदल्या दिवशीच पाठवून दिली. हिशेब काय, जुळेलच, असं वाटलं. मूर्खपणा, दुसरं काय!

दुपारी वैतागून एक जोड मोठा करून पाहिला. बीम खांबाच्या मध्यापर्यंत पोचतच नव्हता. साडेचार इंच अलीकडे, नऊ इंची खांबाच्या तोंडाशीच थांबला होता. दुसराही तसाच, तिसराही. खांब मी नकाशावरून मध्यापासून मध्यापर्यंत मांडले होते आणि बीम बाबांनी सांगितलेल्या मापाचे. मी फोन लावला.

"बाबा, माप आतून घेतलं काय?"

"आतूनच. या खांबाच्या तोंडापासून त्या खांबाच्या तोंडापर्यंत. तू कुठी इचारलं?"

खरंच विचारलं नव्हतं. तशीच गाडी काढून गावी पोचले. गज यादीबरहुकूम कापून, बांधून तयार होते. एकही खांबात शिरत नव्हता. माझं डोकंच फिरलं.

"जलमभर गज खांबात वाकवत आले तुमी. हे आखूड हायेत, तुमाले दिसलं नाई काय?"

बाबांनी पकड खाली ठेवली.

"दिसलं ना. पन मांगच्या कामावर तूच म्हनली होती, कागदावर हाय तेवढंच करा, आपलं डोकं चालवू नका."

मी म्हणाले होते. चारचौघांत म्हणाले होते, आणि त्यातलेच लोक आताही सेंट्रिंगवर उभे राहून ऐकत होते.

नवे गज येईपर्यंत स्लॅब लांबला, हे त्या सगळ्यांना मीच सांगितलं. चूक माझी आहे, हेही सांगितलं. मोठ्यानं सांगितलं, कारण मागच्या वेळी मी मोठ्यानंच बोलले होते.