सशाच्या डोळ्यांना काय म्हणतात

रेगेन्सबर्गजवळच्या एका खेड्यात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो. खालच्या मजल्यावर घरमालक, त्यांची म्हातारी कुत्री आणि भिंतीवरची हरणांची शिंगं एवढा परिवार होता. घरमालक कारखान्यातून निवृत्त झालेले फोरमन. जिना कोणी कोणत्या आठवड्यात झाडायचा याचा तक्ता त्यांनी दारावर लावला होता, आणि मी केर काढला की ते कोपऱ्यावरून बोट फिरवून बघत. असा माणूस आपला मित्र होईल असं मला चुकूनही वाटलं नव्हतं.

ते शिकारी होते. त्यांचे दोन जुने दोस्त, एक निवृत्त बेकरीवाले आणि एक निवृत्त मास्तर. तिघांनी मिळून गावामागचं जंगल शिकारीसाठी भाड्याने घेतलं होतं, आणि तीस वर्षं दर शनिवारी ते तिथे जात. शिकार क्वचित व्हायची. न्याहारी मात्र कधी चुकली नाही. सकाळी निघायचं, प्रत्येकाने आपापल्या मचाणावर तीन तास गप्प बसायचं, मग एकत्र येऊन सॉसेज खात आणखी एक तास गप्प बसायचं, असा यांचा मैत्रीचा कार्यक्रम. कोणी काही विचारलंच तर उत्तर एकच, "पास्ट." म्हणजे ठीक आहे. बायको गेली तेव्हाही घरमालक "पास्ट" म्हणाले होते म्हणे.

थंडीच्या तोंडावर मोठी शिकार असायची. तिला रान उठवायला माणसं कमी पडली म्हणून एका वर्षी त्यांनी मला बोलावलं. मी घरी सांगितलं तर बायको पोट धरून हसली. "अरे, झुरळ दिसलं की तू मला हाक मारतोस. तू डुकरं उठवणार?"

पण गेलो. नारिंगी जाकीट घालून झुडपातून ओरडत जायचं एवढंच काम. बाकीचे हाकारे "हॉप हॉप" करत होते. मी "हुर्र, हुर्र" करत होतो, कारण लहानपणी आजोळी जोंधळ्यावरची पाखरं हाकलताना मी हेच ओरडायचो. पाच रानडुकरं माझ्याच बाजूने उठली. बव्हेरियातल्या जनावरांना मराठी कळतं हे तेव्हा सिद्ध झालं. मी शाकाहारी असल्याचं समजल्यावर बेकरीवाल्यांनी मोठ्या मायेने माझ्या ताटातलं मांस काढून घेतलं आणि रस्सा तसाच ठेवला. "यात मांस नाही," ते म्हणाले, "नुसता रस आहे."

त्याच दिवशी मला त्यांची भाषा कळली. शिकारी लोक साधं जर्मन बोलत नाहीत. रक्ताला ते घाम म्हणतात. हरणाच्या डोळ्यांना दिवे. सशाच्या कानांना चमचे. मेलेल्या हरणाच्या तोंडात हिरवी डहाळी ठेवतात, तिला शेवटचा घास म्हणतात. आमच्याकडे माणसाच्या तोंडात तुळशीपत्र ठेवतात, ते आठवून मी जरा गंभीर झालो होतो. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं की या हरणाचा खूप घाम गेलाय. मी हळहळून म्हटलं, "बिचारं फार धावलं असेल."

जंगलभर हशा पिकला. हसले नाहीत ते फक्त मास्तर. या भाषेचे पोलीस तेच होते. बोट वर करून त्यांनी मला शिक्षा ठोठावली. चुकीचा शब्द वापरणाऱ्याने सगळ्यांना श्नाप्स ओतायची, हा नियम. मात्र एकट्याने शिक्षा देता येत नाही. दुसऱ्या शिकाऱ्याने समोर बसून चूक ऐकावी लागते आणि मान डोलवावी लागते. इतकी कायदेशीर दारू मी कुठे पाहिली नाही. मी श्नाप्स ओतली आणि स्वतः सफरचंदाचा रस प्यायलो.

मला त्या भाषेचं हसू यायचं, पण फार हसायला तोंड नव्हतं. आमच्याकडे बांगडी फुटत नाही, वाढते. दुकान बंद करत नाहीत, तेही वाढवतात. घरातून निघताना मी अजून "जातो" म्हणू शकत नाही. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांनी वही काढून लिहून घेतलं. मग मला म्हणाले, "आल्झो, म्हणजे तुम्ही जंगलात न जाताच शिकारी आहात."

पुढच्या फेब्रुवारीत मास्तर गेले. झोपेत गेले. थडग्यावर दोघा मित्रांनी हिरवी डहाळी टाकली, हस्तांदोलन केलं, एक म्हणाला "पास्ट", दुसरा म्हणाला "पास्ट", आणि तीस वर्षांच्या मैत्रीचं दुःख तिथे संपलं असं जाहीर झालं.

आठवड्याने भांडण झालं. मास्तरांचं मचाण कुजलं होतं. बेकरीवाले म्हणाले, पाडू या, कोणी पडलं तर आपल्या अंगाशी येईल. घरमालक म्हणाले, हात लावायचा नाही. बेकरीवाल्यांनी नियम दाखवला. घरमालकांना, ज्यांनी आयुष्यभर लोकांना नियम दाखवले, नियमाचाच राग आला. त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद.

शनिवारी कुत्री गाडीपाशी जाऊन उभी राहायची. घरमालक खिडकीतून तिच्याकडे बघत बसायचे. ते दाढी करेनात. जिन्याच्या तक्त्यावर दोन आठवडे त्यांचं नाव होतं आणि केर तसाच राहिला. मी तो गुपचूप काढला आणि मला पहिल्यांदा भीती वाटली. हा माणूस हळूहळू बंद पडत होता. आणि त्याला चालू करू शकणारा जिवंत माणूस जगात एकच उरला होता, तो चार घरं सोडून राहत होता.

मे महिन्यात एका सकाळी घरमालकांनी माझं दार वाजवलं. हातात करवत. "मीच पाडतो," म्हणाले. "त्याला पाडू देणार नाही. तुम्ही शिडी धरा."

आम्ही गेलो. मचाणाच्या फळीवर मास्तरांची उशी तशीच होती, उंदरांनी कोपरा कुरतडलेली. घरमालकांनी ती खाली आणली, झटकली, आणि हातात धरून उभे राहिले. मग मी पाहिलं की ते रडत होते, तोंड जराही न वाकडं करता.

"पास्ट" म्हणायची माझी छाती नव्हती. यांच्या भाषेत काहीतरी आदराने बोलावं म्हणून मी सगळी विद्या गोळा केली आणि म्हटलं, "तुमच्या दिव्यांना घाम आलाय."

म्हणजे, डोळ्यांतून रक्त येतंय.

घरमालक माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या गळ्यातून एक आवाज आला, तो हसण्याचा आहे हे मला उशिरा कळलं. "शिक्षा!" ते ओरडले. मग थांबले. शिक्षा एकट्याने देता येत नाही. त्यांनी करवत गवतात टाकली, उशी काखेत मारली आणि चालू लागले. मी शिडी तशीच सोडून मागे धावलो.

बेकरीवाल्यांनी दार उघडलं. तीन महिन्यांनी समोर आलेल्या मित्राला घरमालक म्हणाले, "याने चूक केलीय. ऐकून घे."

स्वयंपाकघरात बसून मी ते वाक्य पुन्हा म्हटलं. बेकरीवाल्यांनी न्यायाधीशासारखं ऐकलं. "दिवे चूक," ते घरमालकांकडे बोट करून म्हणाले. "दिवे हरणाचे. हा बंदूक उडवताना डोळे मिटतो, हा ससा आहे."

"मी ससा नाही," घरमालक म्हणाले.

"तो तुला ससाच म्हणायचा." ते मास्तरांबद्दल बोलत होते. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा. "सशाच्या डोळ्यांना काय म्हणतात?"

"बघे," घरमालक म्हणाले.

"गेनाऊ, अगदी बरोबर. बघे. आणि अश्रूंना?"

घरमालकांनी छताकडे पाहिलं, बेकरीवाल्यांनी रिकाम्या चौथ्या खुर्चीकडे.

"त्याला माहीत असतं," घरमालक म्हणाले.

"शब्दच नसेल. जनावर कुठे रडतं." बेकरीवाल्यांनी उशी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि कुरतडलेला कोपरा अंगठ्याने आत दडपत माझ्याकडे वळले. "साध्या भाषेत सांग."

मी घरमालकांकडे पाहून म्हटलं, "तुम्ही रडताय."

"गेनाऊ," दोघंही म्हणाले.