देण्याघेण्याचं बोलणं

पैसे नव्हते म्हणून मी किराण्याची उधारी थकवली, असं कुणी सांगत असेल तर ते साफ खोटं आहे. पैसे होते. द्यायचा कंटाळा होता!

राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये मी अकाउंट्स शिकवतो. 'देणी वेळच्या वेळी भागवावीत' हे मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय, की ते आपल्यालाही लागू आहे हे विसरूनच गेलो. कोपऱ्यावरच्या तात्यांच्या दुकानातून सामान उधार आणायचं आणि पैसे उद्यावर ढकलायचे. मोबाइलवरून पाठवायला कितीसा वेळ लागतो? म्हणूनच घाई वाटत नव्हती. असे चार महिने गेले. पुढे पुढे तर मी तात्यांचं दुकान चुकवून दोन गल्ल्यांचा वळसा घालून घरी यायला लागलो (वजन दोन किलो उतरलं, तेवढाच फायदा!). शेवटी तात्यांचा फोन आला, "सर, रविवारी सकाळी थोरल्या भावाला धाडतो. त्येच्याशी बोला."

नेमकं त्याच रविवारी अकरा वाजता कोडोलीचे पाहुणे माझ्या धाकट्या बहिणीला, सुमनला, बघायला येणार होते. मुलाशी ती दोनदा फोनवर बोलली होती आणि तेव्हापासून भांडी घासतानासुद्धा गुणगुणत होती. हे स्थळ जमावं असं मलाही मनापासून वाटत होतं.

साडेनऊलाच बेल वाजली. दारात पांढरी टोपी, भरघोस मिशा आणि काखेत पिशवी घेतलेले एक अनोळखी गृहस्थ.

"पावणं, देण्याघेण्याचं तेवढं आधी बोलून टाकूया."

तात्यांचा भाऊ आला! मी त्यांना आत ओढून कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं.

"हळू बोला. घरात कुणाला माहीत नाही."

"म्हणून तर एकटाच फुडं आलोय की!"

"हे बघा, देणं मी नाकारत नाही. निम्मं आत्ता घ्या, निम्मं दिवाळीला."

त्यांच्या मिशा थरथरल्या. "आवो, पर आमी मागितलंय कुठं?"

"तो तुमचा मोठेपणा! पण शेंगदाणे खवट निघाले, त्याचे पैसे कापून घेणार."

"शेंगदाणं?"

"दोन किलो! तूरडाळीतही खडे होते. असला माल गळ्यात मारता आणि वर दारात येता?"

ते ताडकन उठले. "माल? आवो, हुंडा-बिंडा काय नगं म्हणून सांगाय आलोय मी! आन तुमी आमच्या पोराला खवट म्हंताय व्हय?"

हे नवऱ्या मुलाचे चुलते होते! मागे वळून बघतो तर स्वयंपाकघराच्या दारात सुमन उभी, हातात कोथिंबिरीची जुडी आणि डोळ्यांत पाणी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी काही बोलणार तोच पुन्हा बेल वाजली. भावाला सवड नव्हती म्हणून वही घेऊन तात्या स्वतःच आले होते!

"हेच ते!" मी चुलत्यांना ओरडून सांगितलं. "कोपऱ्यावरचे दुकानदार! ह्यांची उधारी थकलीय. मला वाटलं, तुम्ही ह्यांचे भाऊ!"

चुलत्यांनी मला बाजूला सारलं. "दुकानदार, बरं भेटलासा. ह्ये घर कसलं हाय, खरं सांगा." (स्थळाची चौकशी आमच्याकडे किराणा दुकानातच होते.)

तात्यांनी वही उघडली. माझ्याकडे पाहिलं. मग सुमनकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी पैसे द्यायला उतावीळ झालो होतो.

"पोरगी सोनं हाय," तात्या म्हणाले. "नेती ती रोख नेती. उधारी समदी सरांची."

"मग झालं की! आमी पोरगी नेणार हाय, सरांस्नी न्हाय!" म्हणत चुलते गडगडाटी हसले. सुमनने डोळे पुसले आणि ती पोहे टाकायला आत पळाली.

मी तिथल्या तिथे मोबाइल काढून पैसे पाठवले. चार महिने रखडलेलं काम अर्ध्या मिनिटात झालं. स्थळही जमलं.

लग्नात नवऱ्या मुलाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा, आणि त्याबद्दल त्याला नवा पोशाख मिळतो. मी चांगला जोर लावून कान पिळला आणि ऐटीत हात पुढे केला. तर चुलते सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "पावणं, तुमचा पोशाख उधार राहिला बरं का!"

याला दोन वर्षं झाली. पोशाख अजून यायचाय, आणि मी मागायला जाऊ तरी कुठल्या तोंडाने?