बर्फाच्या कारखान्यातलं येणं

मी बर्फाच्या कारखान्यात मशीन चालवायचो. कारखाना मालवण बंदरापासून थोडा आत, आमच्या आचऱ्याकडे येणाऱ्या रस्त्यावर होता. ट्रॉलरवाले, बाजारात मासे घेऊन बसणाऱ्या बायका, लग्नसराईत सरबतवाले, सगळ्यांना आमच्याच लाद्या लागायच्या. ऐन विशीत लागलो तो साठीला टेकेपर्यंत तिथेच राहिलो. मशीन म्हणजे अमोनिया गॅसवर चालणारा मोठा कॉम्प्रेसर. तो धडधडत राहिला की मिठाच्या पाण्यात उभे केलेले पत्र्याचे डबे गोठायचे आणि एकेका डब्यातून एकेक लादी निघायची. तो आवाज माझ्या अंगात इतका मुरला होता की सुट्टीच्या दिवशी घरी शांत बसलो की काहीतरी बिघडलंय असं वाटायचं.

मला कामाला ठेवणारे मालक आमच्याच गावचे. माणूस तापट, पण मनाचा मोकळा. रागावले तर सगळ्या बंदराला ऐकू जायचं आणि तासाभराने स्वतःच चहा सांगायचे. ते गेल्यावर कारभार त्यांच्या मुलाकडे आला. हा मुलगा लहानपणी शाळा सुटली की मशीनच्या खोलीत यायचा आणि थंडगार पाइपला हात लावून ओरडायचा. मी त्याला 'अरे-तुरे' करायचो. तो मालक झाल्यावर एक दिवस माझ्या तोंडून आपोआप 'तुमी' आलं. त्याने ऐकलं. पुढे तेच चालू राहिलं.

त्याच्या हातात कारखाना आला तेव्हा दिवस पालटले होते. मासळी कमी झाली होती. मोठ्या ट्रॉलरवाल्यांनी दुसरीकडून बर्फ आणायला सुरुवात केली होती. वीजबिल तेवढं वाढत होतं. शेवटी त्याने कारखाना बंद करून त्या जागेवर पर्यटकांसाठी खोल्या बांधायचं ठरवलं. बंद व्हायच्या दिवशी मला शाल दिली, नारळ दिला, वर एका महिन्याचा पगार पाकिटात घालून दिला. फोटो काढला. मी शाल खांद्यावर घेऊनच घरी आलो.

बायकोने शाल उलगडून बघितली, घडी घातली आणि विचारलं, "आनि ग्रॅज्युटी?"

"ती कसली?"

"माझ्या भावाक कुडाळच्या कंपनीतसून सुटताना गावली ती. तुमका कित्याक नाय?"

"अगो, ती मोठ्या कंपनीत गावता. आमचो कारखानो तो केवडो!"

"कारखानो ल्हान आसतलो," ती म्हणाली, "पण तुमची वर्सां ल्हान नाय."

हे वाक्य मला त्या दिवशी आवडलं नव्हतं. आपण सन्मानाने सुटून यावं आणि घरात हिने हिशोब काढावा, असं वाटलं. पण रविवारी तिचा भाऊ आला आणि त्याने सगळं समजावून सांगितलं. पाच वर्षांहून जास्त नोकरी झाली असेल तर सोडताना मिळणारी ही रक्कम म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे. ती माणसाने कमावलेली असते. मी ऐकत होतो आणि मनात मालकाच्या मुलाचा चेहरा आणत होतो. त्याच्यासमोर बसून हे तोंडातून कसं काढायचं, तेच कळेना. कामात चूक झाली की मोठ्या मालकांशी मी भांडलो होतो, पण स्वतःसाठी मागायची वेळ आली की जीभ जड व्हायची. पगारवाढसुद्धा मी कधी मागितली नव्हती. मिळेल ती घेतली होती.

तरी गेलो. त्याने खुर्ची दिली, आतून कोकम सरबत मागवलं. मी इकडचं तिकडचं बोललो आणि मग एकदाचं बोलून टाकलं. तो रागावला नाही.

"काका, तो कायदो आमका लागू नाय. त्येका धा मानसा होयी. आमच्याकडे सा-सात जणा."

"आता सा-सात. आदी जास्ती होती."

"ते लादये उचलनारे मुकादमाचे. आमचे न्हय." मग म्हणाला, "आनि तुमच्या घरार पत्रे घातलास, तेवा बाबांनी पैशे दिल्यानी. ते इसारलास काय?"

ते पैसे माझ्या पगारातून दर महिन्याला कापून पुरे फिटले होते. हे त्याला ठाऊक नसावं. मी सांगायला हवं होतं, पण सांगितलं नाही. उरलेलं सरबत प्यालो, 'येतंय' म्हटलं आणि निघालो. रस्त्याला लागलो तेव्हा कुठे मला राग आला. इतका आला की घरापर्यंत चालतच आलो, वाटेत दोन ओळखीचे भेटले त्यांच्याशीही बोललो नाही. विसरलास काय, हा शब्द मला लागला. पैसे नाही दिले तर नाही दिले, पण मला उपकार विसरणारा म्हणावं?

त्याच रागात अर्जावर सही केली. मेव्हण्याने लिहून दिला होता. आधी मालकाला रीतसर अर्ज, त्याने उत्तर दिलं नाही म्हणून ओरोसला कामगार खात्याच्या ऑफिसात दुसरा. राग होता तोवर सोपं गेलं. तो ओसरल्यावर पंचाईत सुरू झाली. गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. चहाच्या टपरीवर एकाने सगळ्यांसमोर विचारलं, "मालकार केस घातलंस मरे?" मी नुसती मान हलवली. देवळात आरतीला मालकाच्या मुलाची आई यायची. त्या बाईंनी माझ्या मुलीच्या लग्नात स्वतः उभं राहून वाढलं होतं. मी खांबाआड उभा राहू लागलो. मग काही दिवस जायचंच टाळलं. बायको म्हणाली, "देवाक काय तोंड चुकयतास? देवान काय तुमचे पैशे अडवल्यानी नाय."

तारीख आली. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने कसालमार्गे ओरोसला गेलो. मालकाचा मुलगा आधीच येऊन बसला होता, मांडीवर फाईल, वकील नव्हता. मला बघून अर्धवट उठला. सवयीने उठला असावा, कारण लगेच परत बसला.

ऑफिसातल्या मॅडम तरुण होत्या, पण घाई न करता ऐकून घेत होत्या. त्याने सांगितलं की कामगार दहापेक्षा कमी. मी सांगितलं की मोठ्या मालकांच्या वेळी बाराएक होते, आणि लाद्या उचलणाऱ्यांचा पगार मालक स्वतःच्या हाताने द्यायचे.

"एकदा दहा माणसं झाली की कायदा लागू होतो," मॅडम म्हणाल्या. "नंतर ती कमी झाली तरी लागू राहतो. पण दहा होती हे दिसायला हवं. तुमच्याकडे कोणी साक्षीदार आहे का?"

लाद्या उचलणारा एक जण माझ्या ओळखीत अजून होता. त्याला आणीन म्हटलं. पुढची तारीख मिळाली.

बाहेर पडल्यावर बायकोला भूक लागली होती. आम्ही उसळ-पाव खात बसलो आणि मालवणची गाडी निघून गेली. पुढची बऱ्याच वेळाने होती. उन्हात उभे होतो. एक पांढरी मोटार पुढे गेली, थांबली आणि मागे आली. काच खाली झाली.

"काका, बसा. मी मालवणाकच जातंय."

मी बायकोकडे बघितलं. तिने तोंड फिरवलं. नको म्हणायला शब्द शोधत होतो, तेवढ्यात त्याने हात लांबवून दार उघडलंसुद्धा. मी पुढे बसलो, ती मागे. ज्याच्याविरुद्ध तासापूर्वी बोलून आलो, त्याच्याच शेजारी बसून गार हवा खात घरी निघालो. कसाल मागे पडलं. मग तोच म्हणाला, "काका, कॉम्प्रेसर इकूचो आसा. गिराईक म्हणता, चालू करून दाखव, नायतर भंगाराच्या भावान दी. तुमच्याशिवाय तेका कोण हात लावतलो? येशात?"

मला हसावं की चिडावं कळेना. मी काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "आनि मजुरी?"

तो खळखळून हसला. "देतंय, काकी, देतंय."

मी बाहेर माडांकडे बघत बसलो. पण खरं सांगायचं तर त्या क्षणीच माझं जायचं ठरलं होतं. इतकी वर्षं सांभाळलेलं मशीन भंगारात तोडतील, ही कल्पना मला सोसत नव्हती.

दोन दिवसांनी गेलो. कारखान्यात पक्ष्यांनी घरटी केली होती. सकाळभर तेल घातलं, पट्टे ताणले, एकेक व्हॉल्व्ह तपासला. मालकाचा मुलगा शर्टाच्या बाह्या वर करून मला पाने देत होता. तो कुठला पाना कधी लागतो हे लहानपणापासून बघत आला होता, त्यामुळे सांगावं लागत नव्हतं. दुपारी गिऱ्हाईक आलं. मी बटण दाबलं. कॉम्प्रेसरने एकदोन आचके दिले आणि मग तो धडधडायला लागला. थोड्या वेळाने पाइपवर पांढरा थर धरला. गिऱ्हाईकाने तो बोटाने खरवडून बघितला आणि भाव मान्य केला.

ते गेल्यावर मी मशीन बंद केलं. आम्ही दोघे पायरीवर बसलो.

"माका झोप लागना नाय, काका," तो म्हणाला. "खोल्यांसाठी बँकेचा कर्ज काढलंय. भैनीचो हिस्सो देवचो आसा. तुमचा तुमका देवक माझी ना नाय. पण एकाक दिलंय तर सगळे येतले."

"येवंदेत," मी म्हटलं. "तेंचा तेंका देवक होया. आनि ता पत्र्याचा म्हणशील तर तुझ्या बापसान माझ्या पगारातसून सगळे कापून घेतल्यान. तुका म्हायत नसतला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "माका खरोच म्हायत नाय," तो हळू आवाजात म्हणाला. मी त्याला पुन्हा 'तू' म्हणालो होतो, हे मला घरी आल्यावर लक्षात आलं.

पुढच्या तारखेला मी आणि बायको साक्षीदाराला घेऊन गेलो. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि गाडीत बसल्यापासून काय बोलायचं ते घोकत होता. मॅडमनी त्याला पुढे बोलावलं, तेवढ्यात मालकाचा मुलगा उठला.

"मॅडम, साक्षीची गरज नाही. बाबांच्या वेळी दहापेक्षा जास्त माणसं होती, मला मान्य आहे. रक्कम दोन हप्त्यांत द्यायची परवानगी द्यावी, एवढीच विनंती."

मॅडमनी मला विचारलं, "उशीर झाल्याबद्दल व्याज मागू शकता. मागणार का?"

मी मागे वळून बायकोकडे बघितलं. तिच्या नजरेत काय होतं ते मला स्पष्ट दिसलं. तरी मी म्हटलं, "व्याज नको."

बायको कसालपर्यंत माझ्याशी बोलली नाही. साक्षीदार मात्र सारखा बोलत होता. "माका बोलाकच दिल्यानी नाय! येक दीस खाडो झालो आनि तोंड उघडूक गावला नाय!" मग मालवण जवळ आलं तेव्हा तो हळूच म्हणाला, "माका पन गावतली काय रे ही ग्रॅज्युटी?"

पहिला हप्ता वेळेवर आला. दुसऱ्यासाठी मला तीनदा फोन करावा लागला, पण आला. मशीन चालवून दाखवल्याची मजुरी त्याने वेगळी पाठवली. ती बायकोने स्वतःच्या हातात घेतली. देवळात मी आता पुढे उभा राहतो. एका सोमवारी मालकाच्या मुलाची आई समोर आली. मला वाटलं, वळून जाईल. ती थांबली, "चेडवाक दिवस गेले मा? बरा आसा?" माझ्या मुलीबद्दल एवढंच विचारून पुढे गेली. तिच्या मनात काय होतं ते मला कधीच कळणार नाही.

साक्षीदाराचं प्रकरण अजून चालू आहे. मुकादम आता हयात नाही, त्यामुळे तो कोणाचा माणूस होता हे ठरायला वेळ लागतोय. मालकाच्या मुलाने तिथे मात्र वकील दिला आहे. माझ्याशी बोलताना तो म्हणाला, "काका, ह्येच्यात तुमी पडा नको." मी म्हटलं, "मी पडलंय." पुढच्या आठवड्यात तारीख आहे. या वेळी साक्ष माझी आहे, आणि गाडी चुकू नये म्हणून बायकोने आदल्या रात्रीच घावणे करून बांधून द्यायचं ठरवलं आहे.