सरोदे मॅडम आणि गाळलेली गाय

सरोदे मॅडम संगणकावरची फाईलसुद्धा ओळीखाली बोट ठेवून वाचायच्या. पडद्यावर ठसे उमटायचे. संगमनेरजवळच्या दूध संघात मी नवा लागलो तेव्हा मला त्याचं हसू यायचं. घरातला पहिला पदवीधर मी. बोट ठेवून वाचणं आमच्याकडे पहिलीतच सुटतं, असा माझा तोरा.

मॅडम आधी शाळेत शिकवायच्या. संगणक नंतर, स्वतःच शिकल्या. रागावल्या की भाषा गावाकडची व्हायची. "हुशार हायेस, पन घाईचा हायेस," हे मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळे.

गाईंचा गर्भ पाडणाऱ्या आणि न तापवलेल्या दुधातून माणसालाही लागणाऱ्या रोगाच्या तपासणीचे निकाल प्रयोगशाळेकडून एक्सएमएल फाईलमध्ये यायचे. त्यातून माहिती काढायला दोन सारखीच दिसणारी फंक्शन्स होती: फाइंड-ऑल आणि फाइंड-फर्स्ट. 'फर्स्ट' म्हणजे एकाच गाईचा निकाल देणार, असं मी नावावरूनच धरून चाललो. फाइंड-ऑलने मालकांची नावं काढली, फाइंड-ऑलनेच निकाल काढले, शेजारीशेजारी लावले. शेवटच्या गाईला निकाल उरला नाही. तिचा नमुना घेतला नसेल म्हणून सोडून दिलं आणि यादीवरून सगळ्यांना फोन केले.

दुसऱ्या दिवशी त्या यादीतल्या कांताबाई ऑफिसात हजर. "मॅडम, माझी गाय एकदा बी गाभडली न्हाई, आन तुमी तिला रोगी म्हनता? गाय पडत्या भावात न्यायला व्यापारी दारात येऊन बसलाय!"

मॅडमनी मूळ फाईल उघडली, बोट ठेवलं. कांताबाईंच्या वरच्या ओळीतल्या गाईचा नमुनाच घेतलेला नव्हता.

"हजेरी घेताना गैरहजर पोराचं नाव गाळतो व्हय रं? तुझं फाइंड-ऑल सापडंल तेवढंच गोळा करतं. खालचे समदे निकाल एक-एक ओळ वर सरकले. फाइंड-फर्स्ट दर गाईपाशी जातं, तिचा पहिला निकाल आनतं. न्हाई घावला तर जागा रिकामी ठेवतं." मग वळून म्हणाल्या, "कांताबाई, व्यापाऱ्याला वाटंला लावा. गाय चांगली हाय."

"म्हणजे रोगी गाय खालच्या ओळीतली?" मी विचारलं.

"व्हय. आन तिच्या घरच्यांना तू काल ती निरोगी सांगितलीस."

त्यांना फोन लावला, कुणी उचलेना. मॅडमनी स्कूटर काढली, मला मागं बसवलं.

प्रवरेकाठच्या त्या घरी सून लेकीसाठी त्याच गाईचं निरसं दूध पेल्यात ओतत होती. नमस्कार करायच्या आधीच मी ओरडलो, "ते दूध देऊ नका!"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. मॅडमनी पेला उचलून बाजूला ठेवला. मग त्या घरच्या आजीला म्हणाल्या, "हा आमच्या हापिसातला. चूक याची हाय. सांगायला बी ह्योच आलाय."