दादाला गप्प बसवलं ते

चाल बांधायला काय काय लागतं, हे त्या काळी मला कुणी विचारलं असतं तर मी तासभर बोललो असतो. निंबाखाली बाज, उशाशी पेटी, डाव्या गालात सुपारी, आणि घरातल्या कुणीही काम सांगता कामा नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. आमचा भाजीपाल्याचा मळा अमरावतीहून बडनेऱ्याकडे जाताना लागायचा. वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, दादा पिकवायचा, वहिनी बाजारात विकायची, आणि मी गणपतीतल्या मेळ्यांसाठी पदांना चाली लावायचो. म्हणजे खायचो दादाचं आणि मिरवायचो माझं.

दादा पहाटेपासून मोट हाकायचा आणि गायचा. बैल उताराला लागून मोट वर येऊ लागली की त्याचा आवाज चढायचा. पाणी थारोळ्यात पडलं की लांब हेल काढत तो खाली उतरायचा, आणि त्या हेलाबरोबर बैल मागं सरकायचे. मी वीस पावलांवर पडलेला. चाली भराभर सुचायच्या. माझी प्रतिभा, दुसरं काय!

मग मी अकोल्याला एका नाटकमंडळीच्या पेटीमास्तरांकडे महिनाभर राहिलो. ते दार-खिडक्या लावून बसत. म्हणाले, "चाल बांधायची तर कानावर दुसरा सूर पडता कामा नये. मग बघा, अख्ख्या सी. पी.-बेरारात नाव होईल." मी परतलो तो हा एकांत ट्रंकेत भरूनच.

दुसऱ्याच सकाळी मोटेजवळ गेलो.

"दादा, जरा गप राय ना. माई चाल मोडून राहिली."

त्यानं बैल थांबवले. "मंग बैलाईले काय पेटी शिकवतं?"

तो स्वतःच हसला. माझा चेहरा पाहिला आणि त्याचं हसू गेलं.

"खरंच मोडते का रे?"

"मोडते."

"मले नवतं मालूम," तो अपराध्यासारखा म्हणाला.

त्यानंतर तो गायला नाही. रागावला असता तर मी समजूत काढली असती. पण त्याला ते पटलं होतं. दिवसभर नुसती जीभ टाळ्याला लावून टक्-टक् करायचा. बैल अर्ध्या वाटेत थांबून त्याच्याकडे बघायचे. मळ्यात कुणी मोठ्यानं बोललं की हा ओठांवर बोट ठेवायचा, "हळू बोला बापा, आमचा बुवा चाल बांधून राहिला."

बुवा काय बांधत होता? त्या साली मेळ्यात माझं नवं पद झालं, तेव्हा मागून कुणीतरी विचारलं, "कोन मेलं हो?" सगळे हसले. मीही हसलो. घरी येईस्तोवर मात्र मला कळून चुकलं होतं, माझ्या जुन्या प्रत्येक चालीतला चढ आणि उतार कुठून आला होता ते. सांगायला हवं होतं. मी काय सांगितलं? म्हटलं, "दादा, बैल आजकाल सुस्त दिसतात."

"बुढे झाले रे," तो म्हणाला.

वर्षभर असंच चाललं. उद्या सांगू, परवा सांगू. शेवटी तो तापानं अंथरुणाला खिळला तेव्हा धीर करून बोललो, "दादा, बरा झाला का गात जाय. तुया गाण्याबिगर मले सुचतच नाई."

तो हसला. "मले बरं वाटाव म्हून बोलतं," म्हणाला, आणि कुशीवर वळला. चौथ्या दिवशी गेला.

तेरवी झाल्यावर वहिनीला विचारलं, मोटेवरचं एखादं गाणं आठवतं का. तिनं एक अख्खं गाणं सांगितलं; भिंतीकडे बघत, बोलल्यासारखं. मी लिहून घेतलं.

"अन् चाल?"

"चाल तं तुमालेच मालूम असन, भाऊजी. तुमीच तं चालीवाले."

टोमणा नव्हता तो. मी पेटी ओढली. तेच शब्द तीन-चारदा घेऊन पाहिले. दर वेळी जी चाल आली, ती माझीच होती.